थायरॉइडची गाठ, आयोडीनची मात्रा आणि नवी महाग सुई

राजूरला माझ्याकडे येणारी माणसे बहुधा कपाशीवरील लाल्या, तुरीची मर, ठिबकचे अनुदान असल्याच गोष्टी विचारायला येतात. परंतु खेड्यात चार बुके शिकलेल्या माणसाला सगळेच विचारले जाते. मागील हंगामात वेचणी ऐन भरात असताना एक शेतकरी गृहस्थ कापडी पिशवीतून दवाखान्याची जाडजूड फाईल घेऊन आले. पत्नीच्या गळ्याची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, त्यानंतर किरणोत्सारी आयोडीनच्या दोन मात्रा झालेल्या, तरीही फुफ्फुसातील ठिपके वाढतच होते. कोणीतरी त्यांना सांगितले होते की, आयोडीनच्या जोडीला इम्युनोथेरपीची सुई दिली तर हमखास गुण येतो. सुईची किंमत लाखाच्या घरात. "साहेब, दोन एकर काढू का?" एवढेच त्यांना विचारायचे होते.

मी डॉक्टर नव्हे. कृषी पदवीधर आहे आणि नोकरी विस्ताराची. औषध द्यावे की न द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, हे मी त्यांना तेथेच सांगितले. पण एक गोष्ट मी बजावून सांगितली : सातबाऱ्याला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांना काही प्रश्न विचारा, आणि त्यातला पहिला प्रश्न हा, की ही गाठ अजून आयोडीन खाते का? हा प्रश्न पहिला का, ते आज जरा विस्ताराने सांगतो. कारण असा प्रसंग कोणत्याही घरी येऊ शकतो, आणि येतो तेव्हा विचार करायला फुरसत देत नाही.

गळ्यातील फुलपाखरू

कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉइड म्हणतात; पुस्तकी मराठीत अवटु ग्रंथी. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. शरीराची चूल किती मोठी पेटवायची हे तिच्यातून निघणाऱ्या रसावर ठरते. हा रस तयार करायला तिला आयोडीन लागते. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या दाण्याहूनही कमी. तेवढे मिळाले नाही तर ग्रंथी फुगते व गलगंड होतो. म्हणून तर सरकारने १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि आपल्या घरात आयोडीनयुक्त मीठ आले.

येथे एक खुलासा करतो. गलगंड म्हणजे कर्करोग नव्हे, आणि गळ्यात लागणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुसंख्य गाठी साध्याच असतात. सोनोग्राफी करून, लागल्यास सुईने पाणी काढून तपासले की निकाल कळतो. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिपटीने आढळतो. आपल्या बाया गळ्यातील गाठ पदराआड दोन-दोन वर्षे झाकून ठेवतात, कामाच्या धबडग्यात दवाखाना पुढे ढकलतात. आवाज बसला, गिळताना अडखळले किंवा गाठ टणक होऊन वाढू लागली तर मात्र सोयाबीन निघेपर्यंत थांबू नये.

राजूरला कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या असल्यामुळे "साहेब, या धुळीने तर नाही ना झाले?" असे हमखास विचारले जाते. धूळ फुफ्फुसाला वाईट, त्यात शंका नाही. परंतु ती या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण नव्हे. सिद्ध कारण आहे ते वेगळेच, आणि ते ऐकून वाचक चकित होतील.

जे मारते तेच तारते

२६ एप्रिल १९८६ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत रशियातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. त्यातून जे किरणोत्सारी पदार्थ हवेत पसरले त्यांत आयोडीन-१३१ होते. ते कुरणांवर बसले. गाईंनी गवत खाल्ले, आयोडीन दुधात उतरले आणि ते दूध लेकरांनी प्याले. मुलांच्या चिमुकल्या ग्रंथींनी ते नेहमीचे आयोडीन समजून साठवून घेतले. पुढे युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या त्या भागात त्या वेळी लहान असलेल्या मुलामुलींमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. दूध वेळीच बंद केले असते तर यातील पुष्कळ मुले वाचली असती, असे जाणकार सांगतात. गाय, गवत, दूध आणि लेकरू ही साखळी शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

आता गंमत अशी की, हेच आयोडीन-१३१ या कर्करोगावरचे सर्वांत जुने आणि भरवशाचे औषध आहे. थोडे किरण पेशीला जखमी करतात, आणि जखमी पेशी पुढे बिघडू शकते. भरपूर किरण पेशीला ठार करतात. तणनाशकाची अर्धवट मात्रा दिली तर तण पिवळे पडून पुन्हा उभे राहते, पुरी दिली तर वाळते, हे आपण पाहतोच. उपमा तंतोतंत नाही, पण समजायला पुरे.

हे औषध सापडले त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली प्रथम किरणोत्सारी आयोडीन रुग्णाला दिले. ते कर्करोगासाठी नव्हे, थायरॉइडचा जोर वाढला होता म्हणून. पुढे न्यूयॉर्कचे डॉ. सॅम्युएल सीडलिन यांच्याकडे एक विचित्र रुग्ण आला. त्याची थायरॉइड ग्रंथी पूर्वीच काढून टाकलेली होती, तरी अंगात थायरॉइडचा रस जास्त झाल्याची सर्व लक्षणे दिसत होती. ग्रंथी नाही, मग रस येतो कोठून? तपासाअंती कळले की, हाडांत व इतरत्र पसरलेल्या कर्करोगाच्या गाठीच ग्रंथीसारखा रस तयार करीत होत्या. म्हणजे त्या आयोडीनही खात असल्या पाहिजेत! त्याला किरणोत्सारी आयोडीन पाजले, ते नेमके त्या गाठींत जाऊन बसले आणि गाठी आटल्या. ही हकीकत १९४६ साली छापून आली आणि कर्करोगाला आतून गाठणाऱ्या उपचाराचा मार्ग खुला झाला.

शरीरात आयोडीनची एवढी भूक थायरॉइडच्या पेशींनाच असते. त्यामुळे आयोडीन-१३१ रक्तातून सगळीकडे फिरले तरी घर करते ते मुख्यतः तेथेच. त्याचे मारक किरण दोन मिलिमीटरच्या आत संपतात. शेजारच्या पेशींना फारशी झळ बसत नाही. दुसऱ्या प्रकारचे किरण शरीराबाहेर येतात, आणि त्यांच्या साहाय्याने यंत्रात चित्र काढता येते. गाठ कोठे आहे हेही तेच सांगते आणि गाठीला मारतेही तेच.

ट्रॉम्बेची दोन देणी

हे आयोडीन आपल्याकडे परदेशातूनच येते असे पुष्कळांना वाटते. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील 'अप्सरा' ही अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली, 'सायरस' १९६० साली, आणि 'ध्रुव' १९८५ साली. 'सायरस' २०१० अखेर बंद झाली. टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्याचे संयुग अणुभट्टीत ठेवले की त्यातून आयोडीन-१३१ तयार होते. ते रुग्णालयांना पुरविण्याचे काम अणुऊर्जा खात्याचे 'ब्रिट' हे मंडळ १९८९ पासून करते. याच केंद्राने मुंबईत परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारात, १९६३ साली किरणोपचार व निदानासाठी रेडिएशन मेडिसिन सेंटर काढले. थायरॉइडच्या रुग्णांसाठी देशभरातून माणसे तेथे जातात.

ट्रॉम्बेचे नाव विदर्भातील शेतकऱ्याला मुळीच नवे नाही. टी.ए.यू.-१ हा उडीद आपण किती वर्षे पेरला! त्यातील 'टी' म्हणजे ट्रॉम्बे, 'ए' म्हणजे अकोला, आणि 'यू' म्हणजे उडीद. १९८५ साली तो आला. टी.ए.जी.-२४ हा उन्हाळी भुईमूगही त्याच घरचा. बियाण्यावर किरण सोडून त्यात बदल घडवायचे, त्यातले चांगले निवडायचे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या मदतीने शेतात पारखायचे, अशी ती पद्धत. अणुशक्ती म्हणजे केवळ बॉम्ब असे म्हणणाऱ्यांना मी हा उडीद दाखवीत असतो.

आयोडीन-१३१ ची एक खोड लक्षात ठेवावी. ते आठ दिवसांत निम्मे होते, सोळा दिवसांत पाव उरते, चोविसाव्या दिवशी दोन आणे. त्यामुळे ते कोठारात भरून ठेवता येत नाही. रुग्णाच्या नावाने मागवावे लागते आणि ठरल्या दिवशीच द्यावे लागते. तारीख मिळाली की ती लग्नाच्या मुहूर्ताप्रमाणे पाळावी. "बैल आजारी होता म्हणून दोन दिवस उशीर झाला" हे येथे चालत नाही.

मात्रेपूर्वीची तयारी

प्रथम शस्त्रक्रियेने ग्रंथी काढतात. नंतर सगळ्यांनाच आयोडीन लागते असेही नाही. गाठ लहान, पसरलेली नसेल तर बहुधा शस्त्रक्रियेवरच भागते. फ्रान्समधील मोठ्या पाहणीने २०२२ साली हेच दाखविले. मात्राही पूर्वी सर्रास मोठी देत. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी १९९६ सालीच दाखवून दिले होते की, उरलासुरला भाग जाळण्यासाठी कमी मात्रादेखील पुरते. आपल्या देशातील हे काम महत्त्वाचे असूनही त्याचा गवगवा झाला नाही. रोग पसरलेला असेल तेव्हा मात्र मोठी मात्रा लागते आणि रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात.

मात्रेपूर्वी पेशींना आयोडीनची भूक लावावी लागते. त्यासाठी थायरॉइडची गोळी काही आठवडे बंद करतात किंवा खास इंजेक्शन देतात, आणि एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार सांगतात. एरवी सर्वांनी खावे असे जे आयोडीनयुक्त मीठ, तेच या दिवसांत रुग्णाने टाळायचे. कोणते मीठ चालेल ते रुग्णालय सांगते. मासळी, अंडी, दूधदुभते यांवरही बंधन असते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, वांगे, कांदा यांना सहसा आडकाठी नसते, फक्त मीठ ते सांगतील तेच. लोणचे, पापड, बाजारचा चिवडा यांतले मीठ मात्र विसरू नये. पथ्य बहुतेक तेथेच मोडते.

आणखी एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. जखमेला लावायचे तांबडे आयोडीनचे औषध रुग्णाने या काळात वापरू नये. दुधाळ गाईम्हशींना कासदाह होऊ नये म्हणून धार काढल्यावर सड ज्या द्रावणात बुडवितो, त्यातही आयोडीन असते. रोज धार काढणारी बाई रुग्ण असेल तर हे काम त्या दिवसांत घरातील दुसऱ्याने करावे. रंगद्रव्य टोचून काढलेल्या सी.टी. स्कॅनमध्येही भरपूर आयोडीन जाते. असा स्कॅन अलीकडे झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, नाही तर पेशींचे पोट भरलेले असते आणि मात्रा वाया जाते.

गर्भवती स्त्रीला ही मात्रा कधीच देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने किती आठवडे आधी पाजणे बंद करायचे तेही विचारून घ्यावे. मात्रेनंतर सहा महिने ते वर्षभर दिवस राहू देऊ नयेत.

गाठ आयोडीन खाणे सोडते तेव्हा

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. पॅरिसजवळच्या एका मोठ्या कर्करोग संस्थेने आपल्या ४४४ रुग्णांचा हिशेब २००६ साली मांडला. या सर्वांचा रोग दूरवर, फुफ्फुसात वा हाडांत, पसरलेला होता. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या गाठी आयोडीन घेत होत्या. घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के रुग्णांत उपचारांनंतर रोगाची खूण उरली नाही. वय कमी आणि ठिपके बारीक असतील तेथे यश अधिक आले. ही कर्करोग पसरल्यानंतरची गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या. असे यश फार थोड्या पसरलेल्या कर्करोगांत मिळते.

पण उरलेल्या एक-तृतीयांशांचे काय? पेशीच्या अंगावर आयोडीन आत घेणारे एक दार असते. कर्करोग बिघडत गेला की पेशी आपले मूळ काम विसरते आणि हे दार बंद करते. मग कितीही आयोडीन पाजा, ते आत शिरत नाही. मुळे कुजलेल्या झाडाला युरिया टाकल्यासारखे ते होते. काही रुग्णांत तर एका गाठीचे दार उघडे आणि दुसरीचे बंद, असेही असते. थायरॉइडच्या कर्करोगाचे दोन प्रकार, मेड्युलरी आणि अॅनाप्लास्टिक, मुळातच आयोडीनला दाद देत नाहीत. म्हणून फाईलमध्ये प्रकाराचे नाव काय लिहिले आहे ते पाहणे आवश्यक.

दार बंद झाले म्हणजे सर्व संपले असेही नाही. पुष्कळ रुग्णांत फुफ्फुसातील ठिपके वर्षानुवर्षे मंद गतीने चालतात. अशा वेळी थायरॉइडची गोळी नेमाने देऊन, ठरावीक काळाने तपासणी करून, नुसते लक्ष ठेवणे हाही पूर्ण विचारांती दिलेला सल्ला असतो. आपल्या लोकांना तो पटत नाही. "डॉक्टर काहीच करीत नाहीत" असे वाटून ते दुसरीकडे पळतात.

ठिपके वेगाने वाढू लागले तर गोळ्या आहेत. लेनव्हॅटिनिब नावाच्या गोळीची चाचणी ३९२ रुग्णांवर झाली व २०१५ साली निकाल आला : नुसत्या बिनऔषधी गोळीवर रोग ३.६ महिन्यांत पुढे सरकत होता, तो या गोळीवर १८.३ महिने थोपला. भारतीय कंपन्यांचीही ही गोळी मिळते. रक्तदाब वाढणे, थकवा, जुलाब असा तिचा त्रास आहे, तो सांभाळावा लागतो. दुसरा एक प्रयत्न मला फार आवडला. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात २० रुग्णांना काही आठवडे सेल्युमेटिनिब नावाची गोळी देऊन पाहिली. १२ जणांत बंद दार पुन्हा किलकिले झाले. ८ जणांत ते इतके उघडले की आयोडीन देता आले, आणि त्यांतील ५ जणांच्या गाठी चांगल्यापैकी आटल्या. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून असे दार उघडण्याचे प्रयोग चालू आहेत.

नव्या सुईचा विचार

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या स्वतःच्या राखणदारांना मोकळे सोडणे. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांनी घरच्यांनाच मारू नये म्हणून त्यांना लगाम असतो. कर्करोगाच्या पेशी लबाड. त्या हाच लगाम ओढून राखणदाराला थोपवितात. नव्या सुया हा लगाम सोडवितात. या शोधासाठी अमेरिकेचे जेम्स अॅलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फुफ्फुसाचा कर्करोग, त्वचेचा काळा कर्करोग यांत या सुयांनी खरोखर चमत्कार म्हणावे असे काम केले आहे.

मग थायरॉइडमध्ये? पेम्ब्रोलिझुमॅब ही गाजलेली सुई पुढे गेलेल्या थायरॉइड कर्करोगाच्या २२ रुग्णांना दिली. २०१९ साली निकाल आला. गाठी लक्षणीय आटल्या त्या दोघांच्या. बावीसमध्ये दोन! एकट्या सुईचा गुण येथे एवढाच. अॅनाप्लास्टिक या जहाल प्रकारात दुसऱ्या एका सुईला ४२ रुग्णांत सुमारे १९ टक्के यश आले, ते थोडे बरे.

म्हणून जोडीचा विचार पुढे आला. तर्क असा : आयोडीनच्या किरणांनी गाठीतील काही पेशी फुटतात. त्यांचे तुकडे रक्तात येतात आणि राखणदारांना शत्रूची ओळख पटते. त्याच वेळी सुईने लगाम सोडला तर ते चाल करून जातील, आणि आयोडीन न खाणाऱ्या शेजारच्या गाठींनाही गाठतील. किरण एका जागी द्यावेत आणि दूरची गाठ आटावी, असे क्वचित घडते ही गोष्ट डॉक्टरांना जुनी ठाऊक आहे. १९५३ सालीच मोल नावाच्या शास्त्रज्ञाने तिला नाव दिले. या तर्कावर स्लोन केटरिंगमध्येच दुर्वालुमॅब ही सुई आणि किरणोत्सारी आयोडीन एकत्र देऊन पाहणारी एक छोटी चाचणी घेण्यात आली. अशा पहिल्या पायरीच्या चाचणीत मुख्यतः दोन औषधे एकत्र सोसवतात का, हेच पाहतात.

तर्क सुंदर आहे, मला तो पटतोही. पण शेतीखात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला तर्कावर पेरणी करायला कोणी सांगू नये. विद्यापीठाचा नवा वाण कितीही देखणा असला तरी तीन-तीन वर्षे वेगवेगळ्या ठिकाणी पारखल्याशिवाय जॉइंट अॅग्रेस्कोत त्याची शिफारस होत नाही. ही जोडी अजून प्रयोगाच्या वाफ्यात आहे. तिची शिफारस झालेली नाही. "हमखास गुण" हा शब्द जो कोणी वापरील त्याच्याकडे, विनापावतीचे बियाणे विकणाऱ्याकडे पाहावे तसे पाहावे.

आपल्या महाराष्ट्रातील एक काम मात्र आवर्जून सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंड व घशाच्या बरा न होणाऱ्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निव्होलुमॅब ही सुई नेहमीच्या मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी अवघी २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिली. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले रुग्ण १६.३ टक्के होते. सुईच्या जोडीने ४३.४ टक्के. हा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. गरिबाला परवडेल अशी मात्रा शोधणे हे आपल्याच डॉक्टरांना सुचले. पण लक्षात घ्या, हे तोंड-घशाच्या कर्करोगाबद्दल आहे, थायरॉइडच्या नव्हे. एका पिकाची शिफारस दुसऱ्या पिकाला लावता येत नाही.

या सुयांचा त्रासही वेगळ्या जातीचा असतो. लगाम सुटलेले राखणदार कधी आतडे, कधी फुफ्फुस, कधी यकृत यांवरच चाल करतात. सुई घेतलेल्या माणसाला दिवसात चार-पाचदा हगवण लागली किंवा दम लागू लागला तर तो साधा बिघाड समजून गावातली गोळी घेऊ नये. त्याच दिवशी उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन करावा. वेळीच कळले तर हे आटोक्यात येते.

डॉक्टरांना काय विचारावे

त्या गृहस्थांना मी एका कागदावर लिहून दिले ते असे. कर्करोगाचा प्रकार कोणता? शेवटच्या आयोडीन मात्रेनंतरच्या चित्रात गाठींनी आयोडीन घेतलेले दिसते का? ठिपके किती महिन्यांत किती वाढले? गोळ्यांचा उपाय झाला का, नसल्यास का नाही? सुई सुचविली ती कोणत्या आधारावर. गाठीची जनुकीय तपासणी केली आहे का? कारण मोजक्या रुग्णांत त्या तपासणीवरून सुई योग्य ठरू शकते, हे नाकारता येत नाही. आणि ही चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत करावी लागते. ती २००७ साली सुरू झाली. खऱ्या चाचणीत रुग्णाला समजेल त्या भाषेत संमतिपत्र देतात, नैतिक समितीची मंजुरी असते, आणि चाचणीचे औषध सहसा रुग्णाला विकत घ्यायला लावत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. चाचणीचे नाव सांगून कोणी रोख पैसे मागत असेल तर तेथून उठावे.

दुसरे मत घेण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आपल्या भागाला नागपूर जवळचे. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. सेवाग्राम आणि सावंगी वर्ध्याच्या बाजूला. आयोडीनची मोठी मात्रा देण्याची सोय सगळीकडे नसते, ती फोनवर विचारूनच निघावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो ते रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतो; शिधापत्रिका व आधार सोबत असू द्यावे. एवढे सगळे विचारून झाल्यावरही जमीन काढायची वेळ आलीच, तर निदान कशासाठी काढतो हे घरातल्या सर्वांना ठाऊक असेल.

मात्रा घेऊन घरी आल्यावर

या बाबतीत गावात फार घोटाळे होतात. कोणी रुग्णाला महिनोन्‌महिने ओसरीत वेगळे टाकतात, तर कोणी पहिल्याच दिवशी नातवाला मांडीवर देतात. दोन्ही चूक. किती दिवस अंतर ठेवायचे ते रुग्णालय मात्रेप्रमाणे लिहून देते. तो कागद भिंतीवर लावावा. तोवर लहान मुले व गर्भवती यांच्याजवळ फार वेळ बसू नये, वेगळे झोपावे, ताटवाटी व कपडे वेगळे धुवावेत. पाणी भरपूर प्यावे. आयोडीन बहुतेक लघवीवाटे बाहेर जाते, म्हणून रानात न जाता शौचालयातच जावे, पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, आणि दोन वेळा पाणी टाकावे. एस.टी.ने परतायचे असेल तर किती अंतरावर बसायचे तेही सुटी देताना विचारून घ्यावे. तोंड कोरडे पडते, लाळेच्या गाठी दुखतात. त्यासाठी आंबट गोळी केव्हा चघळायची ते डॉक्टर सांगतात. दिवस संपले की बाई पुन्हा स्वयंपाक करू शकते, पोळ्याला पाहुण्यांत बसू शकते. हा रोग स्पर्शाने लागत नाही.

थायरॉइडची गोळी मात्र जन्माची सोबत. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या तिच्याबरोबर न घेता चार तासांच्या अंतराने घ्यायच्या, नाही तर पहिली अंगी लागत नाही. आमच्याकडे झुंजुरकाचा चहा कोणाला सुटत नाही. तो सोडायला कोणी सांगतही नाही. गोळीनंतर अर्धा-एक तास उशिरा घ्यावा लागतो, एवढेच.